भिवरेची बिदागी

एका राज्यात सनई फार गोड वाजे, पण वाजवणाऱ्याला ती ऐकू येत नसे. राज्याचे नाव विचारू नका. नाव सांगितले की तिथली माणसे भांडायला येतात, आमच्याकडे असे काही नव्हतेच म्हणतात. होते. मी सांगतो ते ऐका.

त्या राज्यात जो कोणी मोल घेऊन वाजवी, मग ते मोल सोन्याचे कडे असो की पसाभर जोंधळे, त्याला शाप लागे. पहिले मोल घेतले की आपल्याच वाद्याचे खालचे सप्तक ऐकू येईनासे होई. दुसऱ्या मोलाला मधले जाई, तिसऱ्याला वरचे. बाकी सारे ऐकू येई. कोंबडा आरवलेला, सासू करवादलेली, शेजाऱ्याने केलेली निंदा, काही म्हणता काही चुकत नसे. फक्त आपला सूर तेवढा नाही. सनई फुंकावी तर कानाशी नुसता वारा, लोहाराच्या भात्यासारखा.

आणि जो मोल घेत नसे त्याला आपला सूर स्वच्छ ऐकू येई. पण सुराने पोट भरत नाही, म्हणून तो फार दिवस वाजवीत नसे. अशाने राज्यात दोनच तऱ्हेचे वाजवणारे उरले होते. एक हौशी. हे सावकारांचे आणि सरदारांचे मुलगे. पोटभर जेवून गच्चीत बसत, वाजवीत, आणि खालून जाणारी माणसे भरभर पाय उचलीत. दुसरे पोटार्थी. हे देवळात, लग्नात, नगारखान्यात वाजवीत. अवघे राज्य त्यांच्या सुरांवर डोले आणि त्यांना वाटे, आपण कोंडा पाखडतो आहोत.

हे असे कशाने झाले, तेही सांगतो. त्या वेळच्या राजाचे आजोबा हेमकर्ण महाराज. त्यांच्या दरबारी एकदा पवननाथ नावाचा मांत्रिक आला. त्याची सारी विद्या श्वासाची. फुंकर घालून तो वणवा विझवी, फुंकर घालून आटलेल्या विहिरीला पाणी आणी. तो सनई वाजवू लागला की खांबांवरचे लाकडी मोर पिसारा फुलवीत. सात दिवस त्याने वाजवले. आठव्या दिवशी बिदागीचे ताट आले. ताटात शेला, श्रीफळ, सोन्याचे कडे आणि विडा. हेमकर्णाने ताटाकडे पाहिले. द्यायची वेळ आली की राजालाही सोने जरा जास्तच पिवळे दिसते.

तो म्हणाला, "नाथा, तू आवडीने वाजवलेस. ही तुझी हौस. हौसेला मोल नाही. जो मोल घेतो त्याला गोडी नाही, आणि ज्याला गोडी आहे तो मोल घेत नाही."

दरबाराने माना डोलावल्या. पवननाथाच्या डोळ्यांत निखारे फुलले, पण तो भांडला नाही. एकच शब्द बोलला.

"तथास्तु."

आणि चालता झाला. ताट तिथेच राहिले. पुढे ते कोणाला उचलता आले नाही. हत्ती लावले, साखळदंड तुटले, ताट तसूभर हलले नाही. मग सिंहासनाशेजारी त्याला चांदीचा कठडा घातला आणि लोक त्याला हात जोडू लागले. लोकांचे काय, ते कशालाही हात जोडतात.

हेमकर्ण गेला, त्याचा मुलगा गेला, नातू मणिकर्ण गादीवर बसला. त्याच्या नगारखान्यात खेमाजी सनई वाजवी. हा खेमाजी मूळचा मोळीविक्या. दिवसभर लाकडे तोडावी आणि पहाटे, तिन्हीसांजेला टेकडीवर बसून आपल्या आनंदासाठी वाजवावे, असा त्याचा परिपाठ. त्याची लेक भिवरा पाच वर्षांची असताना मोठ्या तापातून उठली. तिला पेज द्यायची तर घरात तांदळाचा दाणा नव्हता. खेमाजी नगारखान्यात गेला. तीन दिवस वाजवले, तीन दिवस ओटीत तांदूळ घेऊन आला. भिवरा पेज प्याली, उठून बसली, चौथ्या दिवशी अंगणात खेळू लागली. खेमाजीने सनई तोंडाला लावली आणि त्याला वाऱ्याखेरीज काही ऐकू आले नाही.

या गोष्टीला वीस वर्षे झाली. भिवरा बापाकडेच सनई शिकली. बोटे तो दाखवी, सूर तिचा तिने शोधला. ती बापासारखीच मोळ्या विकी आणि टेकडीवर वाजवी. तिची सनई ऐकून गुरे चरायची थांबत. मोल तिने कधी घेतले नव्हते.

आता खेमाजीचा दम सरत आला. तेव्हा राजाचा प्रधान त्यांच्या दारी आला. म्हणाला, "एकवीस दिवसांनी राजकन्येचे लग्न. सनईवाचून अक्षता पडत नाहीत, हा रिवाज आहे. त्या दिवसापासून नगारखाना तुझा, भिवरे. दोन्ही वेळचा शिधा मिळेल. की तुला हौशी राहायचे आहे?"

"मला दोन्ही हवे," भिवरा म्हणाली. "शिधाही आणि सूरही."

प्रधान हसला. "असे या राज्यात होत नाही."

"मग या राज्याचे चुकले आहे."

प्रधान गेल्यावर खेमाजी म्हणाला, "पोरी, तांदूळ घे. सुरावाचून माणूस जगतो. मी जगलो की."

"तुम्ही कसे जगलात ते मी रोज पाहिले आहे, आबा," भिवरा म्हणाली. "म्हणून तर जाते."

तिने सनई पाठीशी बांधली, पदरात भाकरी घेतली आणि पवननाथाच्या शोधात निघाली. बापाने आपली सनई एकदा ऐकावी, आणि आपल्यावर ती पाळी येऊ नये, एवढेच तिला हवे होते. एवढेच म्हणतो मी, पण ते तीन पिढ्यांत कोणी मागितले नव्हते.

गावाबाहेर उंबर होता. त्यावर तांबट पक्षी बसला होता. तांबट म्हणजे तोच, भर दुपारी टुक टुक करीत भांडी घडवल्यासारखा ओरडणारा. तो म्हणाला, "कुठे निघालीस?"

"पवननाथाकडे. शाप फिरवायला."

"वाट मला ठाऊक आहे. सल्ल्याचे तीन उंबर होतील."

"झाडभर उंबर आहेत. तुझे तू खा."

"ते मी खातोच," तांबट म्हणाला. "पण सल्ला घेऊन कोणी काढून दिला की उंबराची चव निराळी लागते."

भिवरेला हे पटले. तिने तीन पिकले उंबर तोडून त्याच्यापुढे ठेवले. ते खाऊन तांबटाने चोच पुसली आणि म्हणाला, "वाटेत तीन राखणदार आहेत. तिघांपुढे वाजवावे लागेल आणि तिघांकडून काही घ्यावे लागेल, नाहीतर पुढे जाता येणार नाही. घेतलेस की शाप लागेल. एका मोलाला एक सप्तक."

"म्हणजे पोचेपर्यंत माझे काही उरणार नाही."

"नाही."

"आणि शाप फिरला नाही तर?"

"तर बापासारखी होशील."

भिवरा थोडा वेळ उंबराच्या मुळांवर बसली. तिला भीती वाटली, ती लपवण्यात अर्थ नाही. मग ती उठली आणि म्हणाली, "चल." तांबट तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर येऊन बसला.

पहिला राखणदार काळा कडा. आभाळापर्यंत उभा, फट नाही की पायरी नाही. कडा म्हणाला, "हजार वर्षे झाली, कोणी वाजवलेले ऐकले नाही. वाजव."

"वाट देणार असशील तर."

"देईन."

भिवरेने वाजवले. कड्याच्या अंगावरून माती ढासळू लागली, कारण दगडालाही गहिवर येतो. कडा मधोमध दुभंगला आणि वाट झाली. भिवरा त्या वाटेने गेली आणि पलीकडे येऊन सनई पुन्हा तोंडाला लावली, तर खर्जाचे सारे स्वर नाहीसे झाले होते. बोटे पडत होती आणि जिथे स्वर असायचे तिथे वारा होता. पायरी नसलेल्या जिन्यावर पाय टाकावा तसे तिला झाले. पण ती चालत राहिली.

दुसरी राखण नदीवर. नदी सात धारांची, होडी नाही, उतार नाही. काठावर एक म्हातारी सुसर पडली होती. तिच्या पाठीवर बसल्यावाचून पलीकडे जाता येत नसे. सुसर मोठी रसिक. सनई पाहताच तिने डोळे मिटले.

"वा," ती म्हणाली. "वाजव, बाळ. संकोच करू नकोस."

"पलीकडे सोडणार का?"

सुसरीने एक डोळा उघडला. "हे काय, कला आणि देणेघेणे? तू मनापासून वाजव. या काठावर जाणकार मंडळी असतात. कासवे आहेत, करकोचे आहेत. ऐकतील, चार ठिकाणी सांगतील. तुझे नाव होईल."

"नाव शिजत नाही, मावशी."

"केवढी रोकठोक बोलतेस. माझ्यापुढे मोठमोठे वाजवून गेले. एकाने काही मागितले नाही."

"ते कुठे आहेत आता?"

सुसरीने उघडलेला डोळा पुन्हा मिटला. तिचे पोट जरा मोठेच होते, हे भिवरेने पाहिले. "आधी पाठीवर बसते," भिवरा म्हणाली, "पाठीवर बसून वाजवते. मधेच बुडी मारलीस तर सनई अर्ध्यात थांबेल आणि पुढचे तुला जन्मात कळणार नाही."

आता रसिकाला यापरता धाक नाही. सुसरीने मुकाट्याने पाठ दिली. भिवरेने असे वाजवले की सुसरीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते खरे होते. पैलतीर आला तेव्हा सुसर म्हणाली, "आणखी थोडे." भिवरा म्हणाली, "आणखी थोड्याला परतीची फेरी." सुसरीने कबूल केले.

त्या काठावर भिवरेचे मधले सप्तक गेले. ती वाळूत बसली आणि रडली. सनईत मधले सप्तक म्हणजे घराचे माजघर. ते गेल्यावर उंबरा आणि माळा घेऊन करायचे काय? तांबट तिच्या गुडघ्यावर बसला. तिने विचारले, "कसे वाजले?"

"छान वाजले. तिसऱ्या धारेवर खर्जातला निषाद घसरला."

"हे तू नसतास तर मला कळलेच नसते."

"म्हणून तर उंबर घेतो," तांबट म्हणाला.

तिसरी राखण पवननाथाच्या गुहेच्या दारावर. तिथे एक यक्षीण बसली होती. तिच्या दोन्ही अंगांना सोन्याने भरलेले सात सात रांजण. कमरेला दाराची किल्ली. तिने भिवरेकडे पाहिले आणि आधीच सोने मोजायला सुरुवात केली.

"मला एक धून आवडते," यक्षीण म्हणाली. "तीच वाजव. रोज तीच. दुसरी नको, तिच्यात फरक नको, जन्मभर. हे चौदा रांजण तुझे."

तांबट टुक टुक करायचा थांबला. चौदा रांजण म्हणजे थोडे नव्हे. भिवरेच्या पायाला चालून चालून भेगा पडल्या होत्या, आणि आधीच तिला धड ऐकू येत नव्हते. ज्याला ऐकूच येणार नाही त्याला तीच धून काय आणि निराळी काय? असा विचार तिच्या मनात आला, खोटे कशाला बोलू.

"नाही," ती म्हणाली. "वाजवण्याचे मोल घेते. काय वाजवायचे, ते विकायला काढलेले नाही. एकदा वाजवीन, मला सुचेल ते. त्याची बिदागी ती किल्ली."

"एवढ्या सोन्याला नाही म्हणतेस?"

"सोन्याला नाही म्हणत नाही. तुझ्या अटीला म्हणते."

यक्षिणीला असे कोणी बोलले नव्हते. कुतूहल माणसापेक्षा यक्षिणीला जास्त. तिने किल्ली काढून मांडीवर ठेवली. भिवरेने तिला सुचले ते वाजवले, आणि त्यात यक्षिणीची आवडती धून एकदाही आली नाही, आणि ते संपल्यावर यक्षिणीला आपली धून कोणती हेच आठवेना. तिने किल्ली दिली. भिवरेच्या कानांतले वरचे सप्तक त्याच क्षणी मिटले. आता तिची सनई तिच्यापुरती लाकडाची नळी झाली.

दार उघडले. आत पवननाथ बसला होता. दाढी जमिनीवर सात वेढे पसरलेली, डोळे अजून निखाऱ्यासारखे. तो म्हणाला, "का आलीस?"

"शाप मागे घ्या, नाथबाबा."

"मी शाप दिला नाही. राजा बोलला, मी तथास्तु म्हणालो."

"राजाला काय झाले?"

पवननाथाने भुवई उचलली.

"मी विचारते, राजाला काय झाले?" भिवरा म्हणाली. "राजा जेवला. राजाने ऐकले. त्याचा मुलगा जेवला, नातू जेवतो आहे, रोज सकाळी माझ्या बापाच्या सनईने उठतो आहे. बहिरे झालो आम्ही. अपमान राजाने केला आणि शिक्षा तुम्ही तुमच्याच भाईबंदांना दिलीत. तीन पिढ्या आम्ही वाजवतो आणि आम्हालाच ऐकू येत नाही. ही कुठली विद्या?"

गुहेत वारा उठला. तांबट भिवरेच्या पदराखाली शिरला. पण वारा हळूहळू बसला, आणि पवननाथाने मान खाली घातली.

"हे मला इतक्या वर्षांत कोणी म्हटले नाही," तो म्हणाला.

"तुमच्यापर्यंत येताना माणसाचे सगळे जाते. येणार कोण?"

"तथास्तु मागे घेता येत नाही, मुली. त्या सिंहासनावरून वाकडे बोलले गेले आहे. ते त्याच सिंहासनावरून सरळ बोलले गेले पाहिजे. कोणी धाकाने वदवून उपयोग नाही. राजाला आपले आपण पटले पाहिजे."

"वाकडे काय बोलले गेले?"

"ते मला तेव्हा कळते," पवननाथ म्हणाला, "तर मी तथास्तु म्हणालो नसतो, भांडलो असतो. मी नुसता रागावलो. तू भांड."

सुसरीने कबूल केल्याप्रमाणे तिला परत आणून सोडले, आणि भिवरेनेही तिला राहिलेले थोडे वाजवून दाखवले. कडा उघडाच होता. एकविसाव्या दिवशी सकाळी भिवरा राजवाड्यात पोचली. दरबारातच घातलेला मांडव भरला होता, राजकन्या बोहल्यावर उभी होती. खेमाजी दम लागून नगारखान्याच्या पायरीवर बसला होता. लेकीला पाहून त्याने डोळ्यांनीच विचारले. भिवरेने मान हलवली, म्हणजे अजून नाही.

प्रधान धावत आला. "मुहूर्त घटकेवर आला आहे. बैस आणि वाजव."

भिवरा दरबारात गेली, सिंहासनासमोर बसली, आणि सनई मांडीवर आडवी ठेवली. राजा मणिकर्ण दोन्ही हातांनी कामे उरकत होता. कारभारी एकामागून एक येत होते.

"महाराज, केवडा सात डोंगरांपलीकडून आला आहे. आणणारे दुप्पट मागतात."

"द्या. लेकीचे लग्न आहे. हौसेला मोल नाही."

"महाराज, पांढरा हत्ती मिळाला, पण माहूत अडून बसला आहे."

"म्हणेल ते द्या. हौसेला मोल नाही."

तिसरा कारभारी आला. "महाराज, अत्तरवाला..."

"अरे, विचारता काय? हौसेला मोल नाही," राजा म्हणाला आणि सनईकडे वळला. "वाजव."

भिवरेने सनई उचलली नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते शब्द तिने पहिल्यांदा नीट ऐकले होते. लहानपणापासून ती म्हण ती ऐकत आली होती, बाजारात, जत्रेत, बांगड्या भरताना. ती कोण म्हणते, हे तिने कधी मनाशी धरले नव्हते.

"बिदागी आधी, महाराज," ती म्हणाली.

दरबारात कुजबुज झाली. प्रधान म्हणाला, "वाजवून झाल्यावर शिधा मिळेल."

"शिधा नको. ते ताट." तिने चांदीच्या कठड्याकडे बोट केले. "ते वाजवून झालेल्याचे आहे. पवननाथाने सात दिवस वाजवले होते."

राजाचा चेहरा कठोर झाला. "माझ्या आजोबांचा शब्द ठाऊक आहे ना? जो मोल घेतो त्याला गोडी नाही. हौसेला मोल नाही."

"ठाऊक आहे. आता तुम्ही तीन वेळा म्हणालात. केवड्याला म्हणालात आणि दिलेत. हत्तीला म्हणालात आणि दिलेत. अत्तराला म्हणालात, तेही द्याल. मग सनईला म्हटले की देणे का थांबते?"

"मुहूर्त टळेल," प्रधान ओरडला. "राजाज्ञा मोडणाऱ्याला या राज्यात सूळ आहे."

"सुळावरून सनई वाजत नाही," भिवरा म्हणाली. ती राजाकडेच पाहत होती. "महाराज, केवड्याची हौस कोणाची? केवड्याची की तुमची?"

"माझी."

"हत्तीची?"

"माझी."

"रोज सकाळी माझा बाप वाजवतो. त्याला आपला एक स्वर ऐकू येत नाही. ऐकता तुम्ही. मग ती हौस कोणाची?"

राजाने कठड्यातल्या ताटाकडे पाहिले. भिवरा म्हणाली, "ही म्हण घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे, महाराज. ज्याला हवे असते तो आपल्या कनवटीला हात घालताना म्हणतो, हौसेला मोल नाही. विकणाऱ्याच्या तोंडावर ती फेकायची नसते. तुमच्या आजोबांना सनई हवी होती. हौस त्यांची होती. ती त्यांनी पवननाथाच्या गळ्यात घातली, आणि तेव्हापासून आम्ही ती वागवतो आहोत. आमची गोडी आमच्यापाशी असते. ती कोणी विकत घेत नाही आणि तांदळाने ती जातही नाही. तांदूळ तुमच्या ऐकण्याचा आहे. मी वाजवीन तर बिदागी घेऊन वाजवीन, आणि आवडीने वाजवीन. नाहीतर राजकन्येने सनईवाचून लग्न करावे."

घटिकापात्र भरत आले होते. मणिकर्ण राजा वाईट नव्हता. त्याने इतकी वर्षे ज्या सनईने डोळे उघडले ती त्याला खरोखर आवडत होती, आणि ती ज्याची त्यालाच ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक होते. ठाऊक होते आणि त्याने त्याला राज्याचा रिवाज मानले होते. आता त्याला त्याची लाज वाटली. राजांना ती उशिरा वाटते, पण या एकाला वाटली, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

तो सिंहासनावरून उतरणार होता, मग थांबला आणि पुन्हा नीट बसला. तिथूनच बोलणे भाग होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

"हौस माझी," तो म्हणाला. "माझ्या आजोबांची होती, माझी आहे. हौसेला मोल नाही."

मग तो उतरला, कठडा ओलांडला आणि दोन्ही हातांनी ताट उचलले. ताट फुलांच्या परडीएवढे हलके निघाले. शेला जुना झाला नव्हता, विडा सुकला नव्हता. राजाने ताट भिवरेपुढे धरले. तिने ते वाकून नव्हे, ताठ बसून दोन्ही हातांनी घेतले आणि म्हणाली, "पोचले."

तिने सनई तोंडाला लावली. पहिला स्वर तिला ऐकू आला. दुसरा चुकला, तोही ऐकू आला, आणि चुकलेला स्वर ऐकून कोणाला इतका आनंद झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. अक्षता पडल्या. खांबांवरच्या लाकडी मोरांनी मान वर केली. त्याच घटकेला राज्यातल्या साऱ्या देवळांत, जत्रांत, माळांवर वाजवणारे मधेच थबकले आणि आपापल्या वाद्याकडे पाहू लागले. एका संबळवाल्याने भीतीने संबळ टाकून दिला म्हणतात. हौशी मात्र होते तसेच राहिले. त्यांना स्वतःचे आधीपासून ऐकू येत होते आणि आवडतही होते.

लग्न लागले तशी भिवरा नगारखान्याकडे धावली. खेमाजी पायरीवरच होता. सनई त्याने तोंडाला लावली होती आणि दोन स्वर वाजवून खाली घेतली होती. त्याची मान खाली होती. भिवरेला वाटले, आबा रडतात.

खेमाजी म्हणाला, "हा गंधार उतरलेला आहे."

"हो, आबा."

"कधीपासून?"

"सात-आठ वर्षे झाली."

"आणि मी रोज असाच वाजवतो आहे? राजापुढे?" त्याचा आवाज चढला. "मेण आण. पहिले मेण आण. भोक आवळले पाहिजे."

तिने मेण आणले. त्याने भोक आवळले, वाजवून पाहिले, मान हलवली, पुन्हा आवळले. दम पुरत नव्हता तरी सोडीना. भिवरा मागे बसली आणि तिने आपल्या सनईवर नुसता सूर धरला. गंधार जागेवर आला तेव्हा खेमाजी थांबला, डोळे मिटले, आणि मग मात्र रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "आजचा शिधा आणलास का?"

"शिध्याऐवजी ताट आणले."

"बरे केलेस," तो म्हणाला आणि पुढची ओळ वाजवू लागला.

अशी ही सात सुरांची कहाणी तीन सप्तकांत पुरी झाली. ऐकलीत तेव्हा हौस तुमची होती. सांगणाऱ्याला गोडी होती, त्याची काळजी करू नका. त्याला पोटही आहे, तेवढे ध्यानात धरा आणि उठता उठता कनवटीला हात घाला.